आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिने धसका घेतलाय, रिकव्हरीवर परिणाम होतो का?

सागर_नाशिक:
आईचा (६८) उजवा गुडघा बदलायचाय, पुढच्या आठवड्यात. शुगर बीपी कंट्रोलमध्ये, डॉक्टर म्हणतात फिट आहे, पण तिला रात्र रात्र झोप नाही, जेवण अर्ध्यावर आलंय, कुणाकुणाची बिघडलेली ऑपरेशनं आठवून रडते. आम्ही सगळे घाबरू नको म्हणतोय, काही फरक नाही. अशाने नंतर बरं व्हायला वेळ लागतो का?

मेधा_फिजिओ:
लागू शकतो दादा. "माझं वाईटच होणार" असं आधीपासून डोक्यात असलं की गुडघेबदलीनंतर जास्त दुखतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि आम्ही बघतोच की, दुखेल म्हणून पेशंट पाय वाकवत नाही, मग गुडघा आखडतो, मग अजूनच दुखतो. घाबरू नको म्हणण्यापेक्षा काय काय होणार ते सांगा. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात, जाग असेल तर ठोकल्याचे आवाज येतात, नको असेल तर गुंगीचं औषध मागता येतं, हे भूलतज्ज्ञांशी आधीच बोला. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. वॉकर आत्ताच आणा, घरात चालू दे तिला.

वाचक_पुणे:
मेधाताईंना अनुमोदन. १९६४ चा बॉस्टनचा अभ्यास आहे, पोटाचं ऑपरेशन झालेले ९७ पेशंट, त्यातल्या काहींना भूलतज्ज्ञांनी नीट सांगितलं की कुठे दुखेल, का दुखेल, कूस कशी बदलायची. त्यांना वेदनाशामक इतरांच्या निम्मंच लागलं आणि घरीही लवकर सोडलं! गोळी नाही काही नाही, नुसतं बोलणं.

शुभदा_क:
फक्त एक, तिला "टेन्शन घेतलंस तर बरी होणार नाहीस" असं चुकूनही म्हणू नका, माझ्या सासूबाईंना सगळे तेच ऐकवत होते, भीती राहिली बाजूला आणि वर अपराधी वाटायला लागलं त्यांना. घाबरणारेही छान बरे होतात. नेमकी कशाची भीती वाटते ते विचारलंत का?

सागर_नाशिक:
आज विचारलं. ऑपरेशनचं नाहीच म्हणे, संडासला कोण नेणार, सूनबाईला करायला लागेल याची लाज वाटतेय. आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं हे.

मेधा_फिजिओ:
बरं झालं बोलल्या. कमोडवर बसवायची उंच सीट मिळते, बाजूला भिंतीत दांडा बसवून घ्या, वॉकरने बहुतेक जणी लवकरच आपल्या आपण जातात. आधी एकदा बसून उठून बघू दे त्यांना.