आइसब्रेकरला मराठीत काय म्हणावं?

ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षकांसाठी एक पुस्तिका लिहिते आहे. एका प्रकरणाचं शीर्षक अडलंय. वर्ग सुरू होताना मुलांचा बुजरेपणा जावा म्हणून पाचेक मिनिटं आइसब्रेकर खेळ घेतात, त्याबद्दलचं ते प्रकरण. 'बर्फफोडे' लिहून लगेच खोडलं. 'भीडमोड खेळ' कसं वाटतं?

—

'भीडमोड' नको. 'त्यांची भीड मोडवेना, म्हणून हो म्हटलं' यातली भीड वेगळी. 'भीड ही भिकेची बहीण' या म्हणीतलीही तीच. तुम्हाला हवी आहे ती बुजरेपणाची भीड. ती चेपते. पण 'भीड चेपली' हेही बहुतेकदा कुणी जरा जास्तच सलगी करू लागलं की म्हणतात, त्यामुळे मुलांच्या बाबतीत मला ते रुचत नाही. 'कोंडी फोडणे' तर वाटाघाटींतलं. नव्या वर्गात कुणी हटून बसलेलं नसतं.

—

मूळ कल्पना पाहिली तर वाट सापडेल. सोळाव्या शतकातला डच विद्वान इरॅस्मस, त्याच्या लॅटिन म्हणींच्या संग्रहात 'बर्फ फोडणे' आहे. गोठलेल्या नदीत पुढची नाव बर्फ फोडते, मागच्यांना वाट होते. म्हणजे अवघड कामात पहिलं पाऊल टाकणं. परक्यांमधला अवघडलेपणा घालवणं हा अर्थ नंतरचा. ऑनलाइन वर्गाला मला तो जुना अर्थच जास्त लागू वाटतो. समोरासमोरच्या वर्गात मूल आधी शेजाऱ्याशी कुजबुजतं, मग मोठ्यानं बोलतं. इथे शेजारीच नाही. माइक सुरू केला की पहिला शब्दच सगळ्यांना ऐकू जातो. त्यात दोघं एकदम बोलले की दोघंही थांबतात, आणि मग पुन्हा शांतता. म्हणून मी 'बोलतं करणं' सुचवेन. क्रियापद घरातलं आहे आणि काम नेमकं सांगतं.

—

'बोलतं करणं' आवडलं. एकच शंका. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेल्या खेळात कुणी तोंडच उघडत नाही. सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर लिहायचं, पाठवायचं मात्र मी तीन म्हटल्यावर. सगळी उत्तरं एकदम येतात, पहिलं कुणालाच व्हावं लागत नाही.

—

चालेल की. पत्रातूनही माणूस बोलतोच. फक्त शीर्षकात 'ओळख' आणू नका. 'स्वतःची ओळख करून द्या' म्हटलं की प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत बसतो, दुसऱ्याचं काही ऐकत नाही.

—

मग ठरलं, 'बोलते करणारे खेळ'. पहिला खेळ चॅटचाच ठेवते.