मोठं झालेलं, जखमी कुत्रं घरी आणावं का? आणलेल्यांनी सांगा

माधवी, नाशिक
माझं वय ५९. मिस्टर गेले, मुलगा बंगळूरला असतो. आमच्या भागात जखमी कुत्र्यांना सांभाळणारी एक संस्था आहे. तिथे मी अधूनमधून तांदूळ आणि जुन्या चादरी द्यायला जाते. तिथली एक पिवळसर कुत्री मी गेले की शेजारी येऊन बसते. चारेक वर्षांची असेल. नसबंदी झालीये, गाडीखाली सापडून मागचा एक पाय अधू झालाय. संस्थेचे लोक म्हणतात, घेऊन जा. मुलगा म्हणतो, आणायचंच तर लॅब्रॅडॉरचं पिल्लू आण, एवढं मोठं कुत्रं आता काय लळा लावणार! पण माझा जीव हिच्यावरच बसलाय. असं कुत्रं कुणी आणलंय का? घरात नेमकं काय बदलतं? गोड गोड नको, खरं सांगा.

एसटीवाले काका, सांगली
माधवीताई, नमस्कार. मी एसटीत चालक होतो. निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. निवृत्त झालो तरी पहाटे चारच्या आधी डोळे उघडायचे. उठून करायचं काय? मंडळींची झोप मोडू नये म्हणून दिवाही न लावता कॉटवर बसून राहायचो. एवढी वर्षं ज्या गल्लीत घर आहे, तिथे चार माणसं मला नावाने ओळखत नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. माणसं बाहेर काढता काढता काही पोरं बोटीतून जनावरंही काढत होती. आमची चिंगी गावभागात एका घराच्या पत्र्यावर सापडली. पूर ओसरल्यावर ज्याची त्याने कुत्री ओळखून नेली, हिला न्यायला कुणी आलं नाही. भाचा त्या पोरांमध्ये होता, त्याच्या सांगण्यावरून आम्ही तिला आणली. तीही तेव्हा मोठीच होती.

आल्या आल्या ती दिवाणाखाली शिरली. नळाखाली बादली भरायला लागली की थरथरायची. मंडळींच्या ते लक्षात आलं. त्यांनी बादलीत फडकं टाकून त्यावर धार सोडायला सुरुवात केली, म्हणजे आवाज होत नाही. आमच्या बादलीत अजून फडकं असतं.

मी दिवाणापासून हातभर लांब, जमिनीवर बसून पेपर मोठ्याने वाचायचो. तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. खाणं ठेवलं तर आम्ही झोपल्यावरच खायची. बरेच दिवस असंच चाललं. मग एकदा वाचता वाचता मांडीला काहीतरी ऊबदार टेकलं. बघतो तर चिंगी माझ्याकडे पाठ करून झोपलेली. भ्यालेलं जनावर आपल्याकडे पाठ करत नाही, ताई. त्याची नजर सारखी आपल्या हातापायांवर असते. तिने पाठ केली, तेव्हा मला माझ्या सगळ्या नोकरीत मिळालं नाही एवढं समाधान मिळालं. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. मोठं कुत्रं लळा लावतं, फक्त ते आधी तुम्हाला पारखून घेतं.

आता बदलाचं. माझी ती पहाट चिंगीने घेतली. चार वाजले की ती दाराशी उभी. आम्ही आमराईपर्यंत जातो, कधी घाटावर. वाटेत पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं, दूधवाले, झाडू मारणाऱ्या महापालिकेच्या ताया. आधी सगळे तिला हाक मारायचे, मग मला मारायला लागले. त्यातल्या एका ताईंच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं जाऊन आलो. डॉक्टर मला कधीपासून चाला म्हणत होते, औषधाच्या गोळ्या मी वेळेवर घ्यायचो आणि चालायचो मात्र नाही. कुत्र्याला 'उद्यापासून' सांगता येत नाही.

आणि घरातलं. आयुष्यभर मी ड्युटीवरून येईन तेव्हा जेवायचो, मंडळी त्यांच्या वेळेला. निवृत्तीनंतरही दोन ताटं दोन वेळांना. चिंगीला मात्र आम्ही दोघं बसल्याशिवाय घास गोड लागत नाही. एक जण आतल्या खोलीत असला तर ती आत-बाहेर करत राहते. त्यामुळे आम्ही एकत्र बसतो, आणि बसलं की बोलणं होतंच.

तुम्ही खरं विचारलंत म्हणून हेही सांगतो. पहिल्याच उन्हाळ्यात तिला गोचीड ताप झाला. खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी. डॉक्सीसायक्लिनचा कोर्स चार आठवडे चालला. तेव्हापासून रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड बघायचे. दर वर्षी रेबीजची लस. कांदा-लसूण, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. लग्नाकार्याला दोघांना एकत्र मुक्कामी जाता येत नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की मी खिडक्या लावून तिच्याजवळ बसतो. आता तिचं तोंड पांढरं झालंय, जिना चढताना थांबते. पुढचं दुःख मला दिसतंय, तरी मी तिला पुन्हा आणली असती.

सुजाता, ठाणे
काकांनी सगळं लिहिलंय, मी फक्त सोसायटीचं सांगते, कारण आमच्याकडे त्यावरून फार मनस्ताप झाला. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत. पाळीव कुत्रं ठेवायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्टही नाकारता येत नाही. त्यांची प्रत काढून ठेवा. महापालिकेच्या परवान्याची चौकशी करा, लसीकरणाचं कार्ड जपा. आणि बाहेर नेताना पट्टा आणि शी उचलायला कागद कायम हातात. आमच्या मजल्यावरच्या आजींचा विरोध कायद्याने नाही, त्या कागदाने मावळला.

रोहन, कोल्हापूर
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी अशाच एका संस्थेत रविवारी कामाला जातो. एकटेपणावर औषध म्हणून नेलेली कुत्री परत आलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्यांदा सोडलेलं कुत्रं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसतं, ते बघवत नाही. म्हणून आधी काही दिवस सांभाळायला म्हणून न्या, बहुतेक संस्था याला तयार असतात. पायाचा एक्स-रे मागा. हाड वाकडं जुळलं असेल तर पुढे सांधे दुखणार, वजन वाढू देऊन चालणार नाही. तुमच्याकडे गुळगुळीत फरशी असेल तर तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सतरंजी नको, ती सरकते. खालून रबर असलेली पायपुसणी एकाला एक लावून टाका. आणि तुम्ही आजारी पडलात तर तिला कोण बघणार, ते आजच ठरवा. मुलगा लांब आहे, म्हणून म्हणतो.

माधवी, नाशिक
सगळ्यांचे आभार. रोहन, राग कसला, शेवटचा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. खालच्या मजल्यावर कॉलेजला जाणारी मुलगी आहे, तिला कुत्र्यांचं वेड आहे. तिच्या आईशी आज बोलले, त्या हो म्हणाल्या. रविवारी आणायला जातेय, आधी पंधरा दिवसांसाठी. काका, पहिल्या रात्री तिला झोपवू कुठे? माझ्या खोलीत की बाहेर हॉलमध्ये?

एसटीवाले काका, सांगली
तुमच्याच खोलीत, पण पलंगापासून जरा लांब, भिंतीच्या कडेला. संस्थेतली तिच्या अंगाखालची चादर न धुता तशीच मागून आणा, ओळखीचा वास लागतो. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. बारीक दिवा चालू असू द्या. रात्री रडली तर उठून कुरवाळायला जाऊ नका, पलंगावरूनच हळू आवाजात बोला. पाहुण्यांना आठवडाभर येऊ देऊ नका, त्या खालच्या मुलीलाही. आणि दार उघडण्याआधी पट्टा घाला, प्रत्येक वेळी. नवी कुत्री पहिल्या दिवसांतच घाबरून पळतात. आणल्यावर कळवा, नाव काय ठेवलंत तेही.