अनुभव धागा: कथा-कादंबरी लिहिताना कानात काय असावं?

मंडळी, लिहिताना संगीत लावणारे आपल्यात बरेच आहेत. पण "काय लावता?" असं विचारलं की नावांची यादी येते आणि यादीचा दुसऱ्याला फारसा उपयोग होत नाही. म्हणून विनंती अशी, की कोणत्या कामाला काय, किती वेळ, किती आवाजात, आणि ते कुठे फसतं हे नेमकं लिहा. पहिला खर्डा, संवाद, पुनर्लेखन, मुद्रितशोधन ही वेगवेगळी कामं धरा.

सुरुवात शब्दांपासून करते. मराठीत लिहीत असाल तर मराठी गाणी बंद, आणि हिंदीही. वाक्य जुळवताना ते क्षणभर मनात धरून ठेवावं लागतं आणि गाण्याचे शब्द नेमके त्याच जागेत घुसतात. कानावर पडणाऱ्या बोलण्याने मनात धरलेल्या शब्दांचा क्रम बिघडतो, हे स्मरणावरच्या प्रयोगांत १९७० च्या दशकापासून वारंवार दिसलं आहे. लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं तरी ते होतं, भाषा कळत नसली तरी होतं, आणि आवाज लहान केल्याने फारसं कमी होत नाही. म्हणजे "हळू लावलंय, चालतंय" ही समजूत सोडायला हवी. सतत बदलणारा आवाज त्रास देतो, एकसारखा राहणारा जवळजवळ देत नाही. हे एवढं सूत्र धरलं तरी निवड सोपी होते.

गाणं लिखाणात शिरलंय हे ओळखायची एक खूण आहे. मराठी गद्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं, गाण्यात ते पुढे उडी मारतं. तुमच्या परिच्छेदात "थांबला पाऊस, उजळल्या वाटा" अशी दोन-तीन वाक्यं लागोपाठ दिसली, तर तो दिवसभरात कानावर पडलेल्या भावगीताचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. ती वाक्यं छान वाटतात, म्हणूनच सुटतात.

* * *

एकसारखा आवाज हवा असेल तर तानपुरा लावा. मनापासून सांगतो, पहिल्या खर्ड्यासाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

मोबाइलवर तानपुऱ्याची बरीच अ‍ॅप आहेत. पट्टी, म्हणजे मूळ सा, काळी एक (पेटीवरची पहिली काळी) किंवा त्याच्याही खालची घ्या. काळी चार-पाचचा तानपुरा गायला ठीक, पण अर्ध्या तासाने कानाला टोचतो. पहिली तार पंचमाला ठेवा. काही अ‍ॅपमध्ये ती निषादाला लावता येते, पण त्याने एक अस्वस्थपणा येतो. मारवा रागाच्या तानपुऱ्यात तोच हवा असतो, रोजच्या लिखाणाला नको. छेडण्याची गती सगळ्यात मंद. दोन तानपुरे लावायची सोय असेल तर दुसरा निम्म्या आवाजात ठेवा, म्हणजे चार तारांचा फेरा कानाला मोजता येत नाही. तो मोजता आला की मन मोजत बसतं.

फोनच्या छोट्या स्पीकरवर लावू नका. त्याला खर्ज, म्हणजे खालचा जाड स्वर, झेपत नाही, नुसती तारेची झिणझिण (जवारी) उरते आणि पंधरा मिनिटांत बंद करावीशी वाटते. खर्ज नीट वाजवणारा बऱ्यापैकी स्पीकर घ्या, आणि तो डोक्याच्या मागे, दोन मीटर तरी लांब ठेवा. व्हिडिओवरचे "दहा तास तानपुरा" बहुतेकदा काही मिनिटांचा तुकडा जोडून केलेले असतात. जोडावर बारीकसा धक्का बसतो आणि एकदा तो कळला की कान त्याचीच वाट बघतो.

हे चालतं त्याचं कारण जवारीत आहे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ती अशा जागी आणतात, की एका छेडीतून वरच्या स्वरांची रांगच्या रांग उमलत राहते. त्या दाट आवाजात भांड्याचा, लिफ्टचा, शेजारच्या दाराचा आवाज मिसळून जातो. मिरजेच्या कारागिरांचं हातकसब यातच आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही.

* * *

तानपुरा फार कोरडा वाटत असेल त्यांनी वाद्यसंगीतातला आलाप, म्हणजे सुरुवातीचा तालाशिवायचा संथ भाग, घ्यावा. पण आलापच. तालातली रचना, म्हणजे गत, सुरू झाली की थांबवा.

गतीत तबला आला की तिहाई आली. एकच तुकडा तीनदा आणि तिसऱ्याचा शेवट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. ऐकायची थोडीशी जरी सवय असली, तरी दुसऱ्या तुकड्यापासून मन समेकडे ओढलं जातं आणि हात कळफलकावर थांबतो. द्रुत तीनतालात हे दर मिनिटाला होऊ शकतं. आलापानंतरच्या जोड-झाल्यातही लय चढत जाते आणि वाक्यं विनाकारण तुटक व्हायला लागतात. पाठलागाचा प्रसंग असेल तर तेवढ्यापुरतं चालेल.

सगळ्यात उत्तम रुद्रवीणा. झिया मोहिउद्दीन डागरांची ध्वनिमुद्रणं शोधा. (पनवेलजवळच्या पळस्प्याचं ध्रुपद गुरुकुल त्यांनीच उभारलं.) एकेका स्वरावर इतका वेळ मुक्काम असतो, की पुढे काय येणार याची घाई मनाला होत नाही, आणि आलाप तासभर टिकतो. मानवी आवाजच हवा असेल तर ध्रुपदाचा नोम-तोम आलाप घ्या. "री, ना, ता, नोम" या अक्षरांना नेहमीच्या बोलण्यासारखा अर्थ नसतो. विलंबित ख्याल मधला पर्याय. शब्द असतात, पण दोन ओळींचे आणि ताणलेले. तराणा मात्र टाळा. शब्द नाहीत हे खरं, पण ती अक्षरं फार चपळ असतात.

रागाची वेळ प्रसंगाला जुळवायचा मोह होतो. मध्यरात्रीचा प्रसंग म्हणून सकाळी नऊला मालकंस लावायचा, असं. माझं मत उलट आहे. राग लिहिण्याच्या वेळेचा घ्यावा. प्रसंगातली मध्यरात्र वाक्यांनी आणायची असते. भैरवी तेवढी राखून ठेवा. दोन तासांच्या बैठकीच्या शेवटी दहा मिनिटांची भैरवी लावली की ती सुरू होताच वाक्य पूर्ण करायचं, उद्याच्या प्रसंगाची एक ओळ टिपायची आणि उठायचं. गजर लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

* * *

वरच्या तिन्ही प्रतिसादांना +१, पण एक अट घालतो. ज्यांनी गाणं शिकलंय त्यांनी राग लावूच नये. कोमल निषाद कसा लागला इकडे अर्धं लक्ष जातं आणि ते अडवता येत नाही. अशांना पाऊस बरा, किंवा तपकिरी नॉइज. (नॉइज म्हणजे सलग, एकसारखा सळसळाट; त्याचे प्रकार रंगांनी ओळखतात.) पांढऱ्या नॉइजमध्ये उंच आवाजाची सिसकारी फार. गुलाबीत तो दर सप्तकाला ३ डेसिबलने उतरतो, तपकिरीत ६ ने, त्यामुळे तपकिरी धबधब्यासारखा खोल लागतो आणि रस्त्यावरची घरघर चांगली झाकतो. पावसाचं ध्वनिमुद्रण निवडताना पहिली दहा मिनिटं लक्ष देऊन ऐका. एखादा पक्षी ठरावीक अंतराने पुन्हा ओरडत असेल तर तो छोटा तुकडा आहे, सोडून द्या. ढगांचा गडगडाट असलेलं तर नकोच.

* * *

इथे अजून न आलेला मुद्दा मांडते, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संगीत लिहिणाऱ्याला फसवतं.

आई गेल्याचा प्रसंग आहे आणि कानात सारंगी आहे. डोळे भरून येतात, पान होतं, समाधान वाटतं. वाचकाच्या कानात सारंगी नसते. त्याला दिसतं ते एवढंच: "तिने रिकाम्या खाटेकडे पाहिलं. तिला भरून आलं." रडवण्याचं काम सारंगीने केलं होतं, वाक्याने नव्हे. त्या भरात लिहिलेल्या पानांत "भरून आलं", "दाटून आलं", "काहीतरी तुटलं" असे तयार शब्द जास्त सापडतात आणि वस्तू कमी. खाटेवरची दुमडलेली गोधडी, उशाशी राहिलेली औषधाची अर्धी पट्टी, तांब्यावर उपडं घातलेलं फुलपात्र हे त्या भरात लिहिलं जात नाही, कारण त्याची गरजच वाटत नाही.

म्हणून दोन गोष्टी पाळा. पहिली, भावनेच्या प्रसंगाला त्या भावनेचं संगीत लावू नका. करुण प्रसंगाला तानपुरा किंवा काहीच नाही. दुसरी, संगीत लावून लिहिलेलं प्रत्येक पान दुसऱ्या दिवशी शांततेत, मोठ्याने, उभं राहून वाचा. पेन्सिलीने फक्त जिथे आवाज आपोआप सपाट झाला तिथे खूण करा, लगेच दुरुस्ती नको. पानावर पाचापेक्षा जास्त खुणा झाल्या तर ते पान दुरुस्त करू नका, संगीताशिवाय नव्याने लिहा. ठिगळं लावण्यापेक्षा वेळ कमी जातो.

पुनर्लेखन नेहमी शांततेत. वाक्याला स्वतःची लय असते आणि दुसरी लय चालू असताना ती ऐकू येत नाही.

* * *

जुन्या काळातली कथा लिहिणाऱ्यांसाठी. त्या काळची गाणी लिहिताना नको, लिहायच्या आधी ऐका. अर्धा तास ऐकायचं, वहीत फक्त वस्तू आणि आवाज टिपायचे, दहा मिनिटं शांत बसायचं, मग लेखन. पात्रांच्या जगात काय वाजत होतं याची तारीख त्याच वेळी तपासून घ्या. इथे हमखास चुका होतात.

ग्रामोफोनची दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला साधारण तीनच मिनिटं वाजते. पोलादी सुई असेल तर ती जवळजवळ प्रत्येक बाजूला बदलायची, मध्ये चावी द्यायची. जास्त वेळ वाजणारी तबकडी (एलपी) अमेरिकेतच १९४८ साली आली. तेव्हा १९४० च्या वाड्यात आजोबा आरामखुर्चीत पडून वीस मिनिटं सलग ख्याल ऐकतायत हे जमणार नाही. कोणीतरी सारखं उठायला हवं, आणि त्या उठण्यातच प्रसंग असतो. नातवाला सुई बदलायला शिकवणारे आजोबा लिहा.

रेडिओवर हार्मोनियमला १९४० ते १९७१ मज्जाव होता. १९५० च्या कथेत ऑल इंडिया रेडिओवरून पेटीवादन ऐकू आलं की जाणकार वाचक तिथेच अडखळतो. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ गेली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची. गीतरामायण पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं, ५६ गीतं, आठवड्याला एक. म्हणजे पात्राला पुढच्या गीताची आठवडाभर वाट बघावी लागेल. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण दाबताच बोलत नाही, आधी तापतो. त्या मध्यंतरात संवादाची दोन वाक्यं बसतात.

ग्रामीण बाईच्या तोंडची भाषा हवी असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहात लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर कित्येकींचं ध्वनिमुद्रणही आहे. शब्द उचलू नका. श्वास कुठे घेतला जातो ते बघा, कारण संवादातलं वाक्य तिथेच तोडायचं असतं.

* * *

थोडं यंत्राबद्दल. फाइल उतरवून घ्या, फोन विमान मोडवर. फुकट व्हिडिओत मध्येच जाहिरात येते आणि ती संगीतापेक्षा मोठ्याने बोलते. अ‍ॅपमधलं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर अल्बम संपल्यावर भलतंच काही सुरू होतं. आवाज सारखा करायची सोय चालू ठेवा. स्पॉटिफायवर क्रॉसफेड (एक फाइल विरताना दुसरी हळूहळू सुरू होणं) १२ सेकंदांपर्यंत नेता येतो, पावसाच्या फाइलींना तो हवा, आलापांना शून्य.

पाश्चात्त्य संगीतातलं काही घ्यायचं तर हार्प्सिकॉर्ड, पियानोसारखं जुनं वाद्य. त्यात पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज तेवढाच राहतो, म्हणून एकदम अंगावर येत नाही. सिम्फनी टाळा, कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत जाते आणि सारखा आवाज कमी-जास्त करावा लागतो.

हेडफोनवर रोज चार-पाच तास काढणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवावी: मोठ्यांना आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. बोलून टंकत असाल तर स्पीकर बंदच, माइक दोन्ही ऐकतो.

* * *

गणपतीत काय करायचं, असं विचारणारे असतीलच, म्हणून लिहितो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची, एसीची, विमानाची एकसारखी घरघर खातात. ढोल-ताशाचा ठोका अचानक येतो, तो त्यांना तेवढा आवरत नाही, आणि माइकवरची घोषणाही बरीचशी आत येते. कान पूर्ण झाकणारे हेडफोन, त्यात तपकिरी नॉइज मध्यम आवाजात, एवढंच करता येतं. ठोका झाकायला आवाज वाढवत नेऊ नका, कानाचं नुकसान होतं. ते दहा दिवस पहिला खर्डा बाजूला ठेवा. पात्रांची वयं, वारांचा आणि तारखांचा मेळ, कोणत्या प्रकरणात कोणाच्या अंगावर काय कपडे आहेत याचा तक्ता, ही कामं त्या गोंगाटातही होतात. नवीन प्रकरण पहाटे पाच ते सातमध्ये, तानपुऱ्यावर.