हेपटायटिस बी ला गावठी औषध, द्यावं का?

रानवारा: भावाने ऑफिसच्या शिबिरात रक्त दिलं आणि रक्तपेढीतून फोन आला, एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हेपटायटिस बी व्हायरसचं प्रथिन रक्तात सापडलं. पुढच्या टेस्ट झाल्या, एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की वाढतं ते) नॉर्मल, व्हायरसचा डीएनए पण कमी. लिव्हरचे डॉक्टर म्हणाले आत्ता औषध लागत नाही, दारू बंद, सहा महिन्यांनी परत टेस्ट करा. झालं, घरात सगळ्यांना वाटायला लागलं डॉक्टर काही करतच नाहीत! आत्याच्या गावाकडे एक जण रविवारी काविळीचं औषध ताकातून देतो, पैसेही घेत नाही. माझं मत देऊ नये असं आहे पण घरात मी एकटा पडलोय.

ओसरी: द्या की, त्यात काय. आमच्या चुलत्यांचे डोळे पिवळेधमक झाले होते, असंच औषध घेतलं, तेल-तिखट बंद, पंधरा-वीस दिवसांत कावीळ उतरली. सगळंच थोतांड असतं का?

खडूस_काका: ओसरी, चुलत्यांना बहुतेक हेपटायटिस ए नाहीतर ई ची कावीळ झाली असणार, दूषित पाण्यातून होते ती. ती बहुतेकांची आपोआपच बरी होते, औषध द्या नाहीतर नुसतं ताक द्या, श्रेय रविवारवाल्याला. रानवाराच्या भावाला तर कावीळच नाहीये, मग उतरवणार काय? आणि ते चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवतात ना, त्यात हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुना लागला की पिवळं होतं, तुमचा हात धुतला तरी होईल.

मूळाक्षर: हातचलाखी आणि आयुर्वेद एकाच पोत्यात भरू नका. भुईआवळीवर मद्रासला अभ्यास झालाय, 1988 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलाय. 30 दिवस औषध दिलं, 37 पैकी 22 जणांचं एचबीएसएजी गेलं, नुसती खोटी गोळी दिलेल्या 23 मध्ये एकाचंच. आणि लेखकांत ब्लमबर्ग होते, ज्यांनी हा व्हायरस शोधला आणि 1976 चं नोबेल घेतलं ते. आता बोला.

पेशीबाई: बोलते. पुढचं पण सांगा ना मग. 1990 मध्ये थायलंडला लक्षणं नसलेल्या वाहकांना तीच वनस्पती देऊन बघितली, एचबीएसएजी काही गेलं नाही, तेही लॅन्सेटमध्येच आलंय. नंतर कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने, सगळे अभ्यास एकत्र तपासले तरी ठोस पुरावा सापडला नाही. मद्रासच्या लोकांनी खोटं केलं असं मी म्हणत नाहीये, पण एका जागी झालं ते दुसरीकडे व्हायला नको का? हा व्हायरस लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात स्वतःची कॉपी ठेवून बसतो, टेनोफोविर हे डॉक्टर यावर देतात ते औषधसुद्धा त्याला दाबून ठेवतं, सहसा मुळासकट काढत नाही.

मूळाक्षर: म्हणजे तुमची गोळी पण वर्षानुवर्षं! मग भावाने भुईआवळी घेतली तर बिघडलं कुठे?

पेशीबाई: बिघडतं ते असं. सहा महिन्यांनी एसजीपीटी वाढलेलं निघालं तर ते व्हायरसने वाढलं की चूर्णाने, कसं कळणार? सगळा फॉलोअप त्या एका आकड्यावर चाललाय आणि तोच गढूळ करून ठेवायचा. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची माहिती 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी छापली होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, दुसरीच वेल असेल म्हणाले. धरा तसं, मग दुसरी वेल कुठली ते पेशंटने ओळखायचं का?

सुगरण_नाशिक: मला दोन्ही पार्ट्यांपेक्षा डॉक्टरांचा राग येतो. पॉझिटिव्ह आहे म्हणून सांगायचं आणि वर औषध नको म्हणायचं, का नको ते सांगायला दोन मिनिटं नाहीत, बाहेर नंबर लागलेले. माणूस रिकाम्या हाताने घरी येतो आणि मग जो काहीतरी हातात देईल तो देव. रविवारवाला निदान नाडी धरतो, चौकशी करतो. रानवारा, पुढच्या वेळी आत्यांनाच सोबत न्या आणि त्यांच्यासमोर विचारा, डीएनए कितीच्या वर गेला की गोळी सुरू करणार. तेव्हा गोळी लागलीच तर सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळते, 2018 पासून चालू आहे.

खडूस_काका: आणि एकदा सुरू झाली की मनाने बंद नाही करायची, "जडीबुटी चालू केलीय" म्हणून तर अजिबात नाही. व्हायरस उसळतो, कधीकधी लिव्हरच बसतं. बाकी वहिनींची टेस्ट केली का? निगेटिव्ह असतील तर लस, 0, 1 आणि 6 महिन्याला. रेझर, टूथब्रश वेगळे. ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, जेवणातून नाही पसरत.

रानवारा: ताट वेगळं केलंय ना, आत्यानेच. वहिनीची टेस्ट राहिलीय, उद्याच करतो. ओसरी, तुम्ही एवढं म्हणताय तर ताकात नक्की काय घालतात ते विचारून सांगाल का?

ओसरी: ते नाही सांगत कुणाला. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो म्हणतात.

मूळाक्षर: हे मात्र आयुर्वेदाच्या नावावर खपवू नका हां, आमच्या ग्रंथात औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली असते.