क्लच पेडल दाबून ठेवले असता हळूहळू दाब का जातो?

प्रश्न

माझ्या जुन्या डिझेल हॅचबॅकला हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लच आहे. सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल दाबून थांबलो, की थोड्याच वेळात पाय न उचलताही गाडी पुढे सरकू लागते. पेडल सोडून पटकन पुन्हा दाबले, की ती स्थिर राहते. रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. खंबाटकीचा घाट मात्र ती पूर्वीइतक्याच ताकदीने चढते. ब्रेक ऑइलची पातळी मी नियमित पाहतो, ती कमी झालेली नाही आणि गाडीखाली डागही नाही. गॅरेजमध्ये क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलण्याचा सल्ला मिळाला असून त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गळती नसताना दाब जातो कुठे, आणि एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कशात आहे हे कसे ठरवावे?

प्रतिसाद १

या लक्षणांवरून क्लच प्लेट झिजली असावी असे वाटत नाही. झिजलेली प्लेट घसरते, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, आणि हे आधी चढावर जाणवते. आपली प्लेट व्यवस्थित पकडते आहे. ती पूर्णपणे मोकळी होत नाही, एवढीच अडचण आहे.

पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब निर्माण करणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर साधारणपणे दोन रबरी सील असतात. मागचे सील खराब झाले, तर ऑइल पेडलच्या दांड्यावरून केबिनमध्ये उतरते आणि पायाखालच्या मॅटवर ओल दिसते. पुढचे सील झिजले, तर दाबाखालचे ऑइल त्याच्या कडेने मागे निसटून पुन्हा ऑइलच्या टाकीतच जाते, म्हणून पातळी जिथल्या तिथे राहते. स्लेव्ह सिलिंडरचे, म्हणजे त्या दाबाने क्लच मोकळा करणाऱ्या दुसऱ्या सिलिंडरचे, तसे नाही. त्याच्या दट्ट्याच्या एका बाजूला ऑइल आणि दुसऱ्या बाजूला हवा असल्यामुळे तिथले सील गेले, की ऑइल बाहेरच पडते आणि टाकीतली पातळी उतरते. त्यामुळे आपल्या बाबतीत माझा पहिला संशय मास्टर सिलिंडरवर आहे. पेडल झटक्याने दाबले, की सीलची कड दाबामुळे सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकते. सावकाश दाबून धरले, की तीच कड ऑइल निसटू देते. आपल्याला येणारा अनुभव याच्याशी जुळतो.

प्रतिसाद २

वरील कारणमीमांसा मला पटते. तरीही सुटे भाग मागवण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असेल, तर त्याचा पुशरॉड (क्लचचा रिलीज फोर्क ढकलणारी दांडी) बोनेटमधून किंवा खालून दिसतो. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि इंजिन बंद करून उभी करावी. एकाने पेडल सावकाश दाबून तसेच धरावे आणि दुसऱ्याने हात लांब ठेवून पुशरॉड पाहावा. पेडल तळाशी स्थिर असताना पुशरॉड हळूहळू मागे येत असेल, तर दाब हायड्रॉलिक यंत्रणेतच सुटतो आहे. पुशरॉड पूर्ण पुढे जाऊन तिथेच थांबत असेल आणि तरीही गिअर अडत असेल, तर मात्र रिलीज फोर्क, प्रेशर प्लेट यांच्याकडे वळावे लागेल, आणि तेव्हा गॅरेजचा सल्ला विचारात घेण्याजोगा ठरेल.

पाइपमध्ये हवा असेल, तर पेडल सुरुवातीपासूनच मऊ लागते आणि चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर कडक होते. पण धरून ठेवल्यावर ते सहसा खचत नाही. हा फरक लक्षात ठेवावा.

प्रतिसाद ३

काही गाड्यांमध्ये स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे पुशरॉड दिसत नाही, आणि गळती झाल्यास ऑइल बराच काळ आतच साठून नंतर सांध्यातून थेंबाथेंबाने बाहेर येते. ते प्लेटवर उडाले, तर प्लेटही घसरू लागते. हा भाग बदलायचा असल्यास गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट बरीच वापरली गेली असेल, तर ती त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बाहेर आहे. सांगितल्याप्रमाणे पाहिले असता पेडल धरून ठेवलेले असतानाही पुशरॉड स्पष्टपणे मागे येत होता, आणि स्लेव्हच्या रबरी टोपीखाली पूर्ण कोरडे आहे. मास्टर सिलिंडरला केवळ नवे सील घालावेत, की तो संपूर्ण बदलावा?

प्रतिसाद १

दट्टा काढून सिलिंडरची आतली भिंत उजेडात पाहावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि त्यामुळे भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतील, तर नवे सीलही त्यांच्यावर घासून लवकर निकामी होईल; अशा वेळी संपूर्ण सिलिंडर बदलावा. भिंत गुळगुळीत असेल, तर सील संच पुरेसा आहे.

ऑइलच्या टाकीच्या टोपीवर जो दर्जा लिहिला आहे, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, त्याच दर्जाचे ऑइल सीलबंद डब्यातून ताजे घ्यावे. इंजिन ऑइलसारखे खनिज तेल चुकूनही घालू नये, कारण त्याने हे रबर फुगते. हवा काढताना पेडल दाबून धरावे, स्लेव्हवरचा हवा काढण्याचा निपल उघडावा, तो बंद केल्यावरच पेडल सोडावे आणि टाकीतली पातळी किमान खुणेखाली जाऊ देऊ नये. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते, त्यामुळे काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडलही कडक लागते आहे याची खात्री करावी. ऑइल रंगावर सांडल्यास ते लगेच भरपूर पाण्याने धुवावे.