कोल्हापुरात मिसळ कुठे खावी?

रविवारी सकाळी आई-बाबांसोबत कोल्हापुरात आहे. चांगली मिसळ कुठे मिळेल? बाबांना तिखट सोसत नाही.

↳ उद्यमनगरातली फडतरे. रविवारी गर्दी उसळते, लवकर गाठा.

↳ बाबांसाठी "तर्री काढून, कट वेगळा" असं आधीच सांगा. तिखटाचा बराचसा जोर तर्रीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या तेलात असतो, खालचा रस्सा, म्हणजे कट, त्या मानाने सौम्य. सोबत दही घ्या. पाण्याने जळजळ थांबत नाही.

↳ दुकान कुठलंही असो, मटकी बघा. दाणा अख्खा दिसावा, पण दाबला की मोडावा. उशिरा गेलात तर कट उकळून आटलेला असतो, खारट लागतो. फरसाण मऊ पडण्याआधी खायचं असेल तर कट थोडा थोडाच ओता. आणि लादीपाव मागू नका, कोल्हापुरी मिसळीला स्लाइस ब्रेडच!