विनोदी मृत्युलेख: लेखनाचा सराव की मेल्यावरची थट्टा?

फोंडेकर:
गेल्या रविवारी आमच्या लेखनवर्गात एकच काम होतं. स्वतःच्या थडग्यावरचा मजकूर लिहायचा, बारा शब्दांच्या आत, आणि ऐकणारा हसला पाहिजे. अर्धा वर्ग पेन चावत बसला. गोव्याच्या सरकारी कदंब बससेवेतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांनी मात्र दोन मिनिटांत वाचून दाखवलं:

‘सरा पुढे’ सांगता सांगता जन्म सरला.
सरण माझं, जागा एकट्याची.

दहाच शब्द! मी वर्षभर कथा लिहितोय, इतकं घट्ट वाक्य मला एकदाही जमलेलं नाही. नवख्या लेखकाला यापेक्षा चांगला व्यायाम नाही, असं माझं मत.

मांडवीकाठचा:
ओळी झकास आहेत, पण मला हे पटत नाही. आपल्यात थडगं कुठे असतं? अस्थी पाण्यात सोडल्या की झालं. दगडच नाही, तर दगडावरचा मजकूर कसला लिहिताय? आणि ज्याच्या घरी कालच बारावं झालंय, तो वर्गात शेजारी बसला असेल तर?

फोंडेकर:
दगड नाही कसा? जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळ ठेवलेत, ते बघा. लढाई कोरायची, मग वीर स्वर्गात पोचलेला दाखवायचा. अक्षरांशिवायचे मृत्युलेखच ते.

म्हापशाची माय:
वीरगळात विनोद कुठला, बाब? तिथेच सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या समाधीशिळा आहेत. कुळचिन्हं कोरलीत, पण हसणारी एक नाही.

हसायचं तर रुमानियातलं सपिंत्सा गाव. स्तान योआन पात्राश नावाच्या कारागिराने १९३५ च्या सुमारास तिथल्या कबरींसाठी निळे लाकडी क्रूस कोरायला घेतले. वर मेलेल्या माणसाचं चित्र, खाली त्याच्याच तोंडी घातलेल्या ओळी. दारूबाजाची दारूसुद्धा लपवलेली नाही. एका सासूच्या क्रूसावर तर जावई म्हणतो, हळू चाला, ती जागी झाली तर घरी येऊन मला ओरडेल.

मांडवीकाठचा:
सासूला विचारलं होतं का?

कुळागरवाली:
हाच प्रश्न मला कुणीतरी वेळेवर विचारायला हवा होता. अशाच एका वर्गात आम्हाला नातेवाइकांवर लिहायला सांगितलं होतं. मी काकांवर लिहिलं. पत्त्यांचं भारी वेड होतं त्यांना: ‘डाव अर्धा टाकून उठले. हातात हुकमाचा एक्का होता म्हणे.’ वर्ग खो खो हसला. महिन्याभराने ती वही काकूच्या हाती लागली. ती ओरडली नाही. चष्मा काढून एवढंच म्हणाली, ‘एक्का नव्हता गो, दुर्री होती. मीच उचलले पत्ते.’

माझ्या ओळीपेक्षा तिची ओळ सरस होती, हे तेव्हाच कळलं. त्यानंतर मी दुसऱ्या कुणावर असलं लिहिलेलं नाही. स्वतःवर हवं तेवढं लिहा.

फोंडेकर:
म्हणूनच आमच्याकडे ‘स्वतःच्या’ अशी अट होती. स्पाइक मिलिगन हा विनोदवीर जन्मला आपल्या अहमदनगरात, १९१८ साली. त्याच्या दगडावर लिहिलंय, ‘मी आजारी आहे हे तुम्हाला सांगितलं होतं.’ चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत नको होतं, म्हणून ती ओळ आयरिश भाषेत कोरली. अशी ओळ त्याने स्वतःच म्हणावी. त्याच्या डॉक्टरने म्हटली तर थोबाडीत खाईल.

मांडवीकाठचा:
दगडाबद्दलचं माझं म्हणणं कायम. पण आज सकाळी पणजीच्या मासळी बाजारात उभ्या उभ्या एक सुचलं, ते टाकतो: ‘बांगडे स्वस्त झाले, आणि मी नेमका आडवा.’

म्हापशाची माय:
‘नेमका’ काढा. त्याशिवाय अर्थ पुरा होतोय.

मांडवीकाठचा:
नाही काढणार. सगळी चव तिथेच आहे.